नव्या वसाहतीत करमत नाही?

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना किती खस्ता खाव्या लागतात ते ही म्हण सांगते. पण घर बांधून झाले, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, की त्यानंतर जे सुरू होते त्याविषयी म्हणी गप्प आहेत. वाचकहो, आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

गावातली जुनी पेठ, आळी किंवा वाडा सोडून बाहेरच्या वसाहतीत राहायला जाणे ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. सांगलीला विश्रामबाग, नगरला सावेडी, सोलापूरला जुळे सोलापूर. प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला असे एखादे उपनगर आहेच. तिथे हवा मोकळी, घर ऐसपैस, दारात गाडी लावायला जागा. असे असूनही नव्या घरात जाऊन तीन-चार महिने झालेली माणसे माझ्या दवाखान्यात वरचेवर येतात, आणि त्यांच्या तक्रारी थक्क करण्याइतक्या एकसारख्या असतात.

एक नेहमीचे उदाहरण

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एका बाईंची हकिगत सांगतो. वय बावन्न. छातीत काहीतरी अडकल्यासारखे वाटते, रात्री दोन वाजता जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, जेवणावरची वासना गेली, दिवसभर अंगात त्राण नाही. छातीची तक्रार म्हटल्यावर आधी ई.सी.जी. काढला. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व हे सारे तपासले. सगळे ठीक निघाले.

मग मी त्यांना विचारले, “वहिनी, दिवसभरात तुमचे कोणाकोणाशी बोलणे होते?” त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सकाळी दूधवाला, मग धुणे-भांड्याची बाई, आणि रात्री मालक व मुलगा. तिसऱ्या बोटानंतर त्या थांबल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. “डॉक्टर, वाड्यात असताना नळाचं पाणी जाईपर्यंतच दहा जणींशी बोलणं व्हायचं. इथं दार लावलं की लावलं.”

शेजारी बसलेले त्यांचे यजमान चकित झाले. “अहो, पण हिनं मला हे कधी सांगितलंच नाही!” कसे सांगणार? घरासाठी कर्ज काढले, दागिने मोडले, मुलाने दोन वर्षे ऊन-पावसात बांधकामावर लक्ष ठेवले. अशा घरात ‘मला करमत नाही’ म्हणणे हा त्यांना कृतघ्नपणा वाटत होता. तोंडाने जे बोलायची चोरी होती ते शरीर बोलू लागले, एवढेच.

हे दुखणे जुनेच आहे

अशा तक्रारींकडे ‘मनाचे खेळ’ म्हणून दुर्लक्ष करू नये. वैद्यकशास्त्राने त्यांची दखल फार पूर्वीच घेतली आहे. १६८८ साली योहानेस होफर या डॉक्टरने घरापासून दूर गेलेल्या माणसांच्या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्या दुखण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. आज आपण हा शब्द जुन्या आठवणींच्या गोडव्यासाठी वापरतो, पण तो जन्माला आला तो एका आजाराचे नाव म्हणून.

१९३८ साली डॉ. स्टीफन टेलर यांनी ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. लंडनभोवती तेव्हा नवनवीन उपनगरे उभी राहत होती. तिथल्या तरुण गृहिणी डोकेदुखी, पाठदुखी, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येत आणि तपासणीत काही सापडत नसे. टेलर यांनी याला उपनगरी मनोविकार म्हटले. पुढे त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लंडनजवळच्या हार्लो या नव्याने वसवलेल्या नगराचा अभ्यास केला. त्याचे पुस्तक १९६४ साली निघाले. तेव्हा त्यांना आढळले, की असा सौम्य मानसिक त्रास नव्या नगरात जेवढा आहे तेवढाच जवळजवळ जुन्या वस्तीतही आहे. म्हणजे दोष नव्या वस्तीच्या विटा-सिमेंटचा नव्हता. नवीन जागा माणसाला आजारी पाडत नाही. तिथे गेल्यावर जे तुटते आणि वेळेवर पुन्हा जुळत नाही, त्याने माणूस खचतो.

१९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातील बदलांचा मनावर किती ताण पडतो याची गुणसंख्या तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक १०० गुण. घर बदलण्याला २०. वाचणाऱ्याला वाटेल, अगदीच किरकोळ! पण घर एकटे बदलत नाही. त्याच्याबरोबर मोठे कर्ज येते, त्याचे ३१ गुण. राहणीमान बदलते, त्याचे २५. लोकांतले उठणे-बसणे बदलते, त्याचे १८. बेरीज करा, ९४ होते! आणि हा सगळा ताण घरात पेढे वाटले जात असताना सोसायचा असतो.

नेमके काय हरवते?

जुने घर सोडताना आपण सामान मोजून घेतो. पण तीन गोष्टी टेम्पोत घालता येत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे तोंडओळखी. जिवलग माणसे दूर गेली तरी फोनवर भेटतात. पण कोपऱ्यावरचा वाणी, गिरणीवाला, देवळातले गुरव, रोज त्याच वेळी समोरून जाणारे मास्तर, यांना कोणी फोन करत नाही. अशा सैल नात्यांचे बळ मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले. ‘काय वहिनी, आज उशीर?’ एवढे दोन शब्दच असतात. पण आपण नसलो तर कोणाच्या तरी लक्षात येईल, ही खात्री त्या दोन शब्दांत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगवळणी पडलेला रस्ता. जुन्या घरात अंधारातही हात बरोबर बटणावर जातो. भाजी कुठे ताजी, रिक्षा कुठे मिळते, कुठल्या बोळातून लवकर जाता येते, याचा विचार करावा लागत नाही. नव्या वसाहतीत प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी डोके चालवावे लागते. संध्याकाळी येणारा थकवा बराचसा याचा असतो.

तिसरी गोष्ट झोप. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा अनुभव सर्वांना आहे. २०१६ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे एक कारण दाखवून दिले. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. घरातल्या एकाने जागे राहून पहारा करावा तसा तो बारीकशा आवाजालाही सावध होतो. हा पहारा एरवी लवकरच उठतो. पण नव्या वसाहतीत रात्रीची शांतता, भुंकणारी कुत्री, शेजारचा रिकामा प्लॉट यांची धास्ती घेतली, की मन सैल होत नाही आणि अपुरी झोप ही सवय होऊन बसते. झोप अपुरी झाली की पित्त, चिडचिड, रक्तदाब हे पाहुणे मागोमाग येतात.

एकच घर, अनुभव निराळे

घरातला कमावता पुरुष सकाळी गावात जातो आणि रात्री परततो. त्याची कचेरी तीच, चहाची टपरी तीच, मित्र तेच. त्याचे फक्त झोपण्याचे ठिकाण बदललेले असते. लहान मुले आठवडाभरात सवंगडी जमवतात. मोठ्या वर्गातल्या मुलांची शाळा बदलली तर त्यांना मात्र जड जाते. ती बोलत नाहीत, अभ्यासात मागे पडतात.

सगळा बदल अंगावर येतो तो दिवसभर घरात असणाऱ्या बाईच्या आणि वृद्धांच्या. म्हणून ‘आम्हाला नाही काही होत, तुलाच कसं होतं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. एकाच घरात राहूनही प्रत्येकाने गमावलेले सारखे नसते.

असेच एक आजोबा मला आठवतात. वय चौऱ्याहत्तर, पंधरा वर्षांचा मधुमेह, पण जुन्या पेठेत असताना साखर आटोक्यात. रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालत जायचे आणि परतताना कट्ट्यावर तासभर बसायचे. उपनगरात आल्यावर पाच महिन्यांत साखर दुपटीच्या आसपास गेली. मुलाला वाटले गोळ्या लागू पडत नाहीत. खरी गोष्ट अशी, की नव्या रस्त्यावर दिवे नव्हते, कुत्र्यांची भीती वाटे आणि जाऊन बसायला ठिकाण नव्हते, म्हणून आजोबांचे चालणे बंद पडले होते. जेवण अर्ध्यावर आले होते. एकट्यात विचारले तेव्हा म्हणाले, “आता कुणासाठी जगायचं, डॉक्टर?” हे वाक्य ऐकल्यावर मी साखरेची गोळी वाढवून थांबलो नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औदासीन्याचे औषध सुरू झाले. मुलाने आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांना जुन्या कट्ट्यावर नेऊन सोडायचे ठरवले. तीन महिन्यांनी साखर उतरली, आणि आजोबांनी मला कट्ट्यावरच्या मंडळींचे किस्से ऐकवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने २०२५ साली एकाकीपणावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. एकाकीपणा हा श्रीमंती चोचला नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

रुळायला किती दिवस लागतात?

याचा हिशेबही मांडला गेला आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नुकतेच गाव बदललेल्या अमेरिकनांचा अभ्यास केला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, चांगल्या मैत्रीला ९० तास आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक. तिकडचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण रोज पंधरा मिनिटे शेजारणीशी बोललात तर ५० तास भरायला साडेसहा महिने लागतात, हा हिशेब धीर देणारा आहे. तीन महिन्यांत करमले नाही तर तुमच्यात काही उणे नाही. अजून तास भरलेले नाहीत.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. नवी सून सासरी आली की ‘रुळली का?’ असे लोक वर्षभर विचारत. तिला पंचमीला, दिवाळीला माहेरी न्यायची रीत होती. मंगळागौर, हळदीकुंकू, भोंडला यांच्या निमित्ताने नव्या गावातल्या बायकांत तिला मिसळता येई. जुन्याकडे अधूनमधून जाणे आणि नव्याकडे ठरवून मिसळणे, असे हे दुहेरी औषध होते. घर बदलणाऱ्या प्रत्येकालाच ते लागू आहे.

काय करावे?

१. एक वेळ, एक वाट ठरवा. रोज ठरावीक वेळी, ठरावीक रस्त्याने पायी जा. ओळख एकदा तासभर बोलून होत नाही, ती रोज दिसण्याने होते. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललात तर प्रौढांसाठी सांगितलेला १५० मिनिटांचा व्यायामही होतो.

२. खरेदी जवळच्या एकाच दुकानातून करा. चार रुपये जास्त गेले तरी चालतील. महिनाभरात दुकानदार तुम्हाला ओळखू लागतो. सारे सामान घरपोच मागवले तर ही संधी जाते.

३. दार थोडा वेळ उघडे ठेवा. १९५० साली अमेरिकेतील एका वसाहतीच्या अभ्यासात दिसले, की मैत्री जुळते ती बहुधा लगतच्या दाराशी, आणि जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी अधिक होतात. जिन्यात, अंगणात, फाटकाशी दहा मिनिटे उभे राहायला संकोच वाटू देऊ नका.

४. काहीतरी मागा. वाटीभर साखर, कामवाल्या बाईचा पत्ता, टँकरवाल्याचा नंबर. मदत देण्यापेक्षा मागण्याने शेजार लवकर जुळतो, कारण समोरच्यालाही मग तुमच्याकडे काही मागायला संकोच वाटत नाही.

५. आठवड्याचे एक काम लावून घ्या. भजनी मंडळ, भिशी, वाचनालय, योगवर्ग, गणेशोत्सवाची वर्गणी, काहीही चालेल. बोलावण्याची वाट पाहू नका. नव्या वसाहतीत सगळेच नवे असतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने पुढाकार घ्यावा म्हणून थांबलेला असतो.

६. जुन्या पेठेत जा, पण वार ठरवून. आठवड्यातून एकदा जाण्याने मनाला आधार मिळतो. रोज सकाळी जाऊन रात्री परत येत राहिलात तर नवे घर ही नुसती धर्मशाळा होते.

७. झोपेच्या गोळ्या स्वतः आणून घेऊ नका. शेजाऱ्याला दिलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळीची काही आठवड्यांतच सवय लागते. वृद्धांना तिच्यामुळे तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. दुपारची लांब झोप आणि संध्याकाळनंतरचा चहा सोडून पाहा, अंथरुणावर ठरावीक वेळी जा. दारूने झोप येते हाही भ्रम आहे. ती झोप तुटक असते.

वर सांगितलेल्या बाईंना मी यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या गोष्टी औषधाच्या कागदावरच लिहून दिल्या होत्या. पाच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा छातीतले अडकणे गेले होते, झोप सुधारली होती. “वाड्यासारखं नाही हो डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “पण आता दोन दिवस दिसले नाही तर समोरच्या विचारायला येतात.”

घरात वृद्ध असतील तर

नव्या घरात वृद्ध माणूस पडण्याची भीती अधिक असते. रात्री उठल्यावर पाय जुन्या सवयीने वळतात आणि संडास भलतीकडेच असतो. त्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडू देऊ नका, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. त्यांची जुनी खाट, घड्याळ, देव्हारा, आरामखुर्ची ‘नव्या घराला शोभत नाही’ म्हणून टाकून देऊ नका. शक्य तर जुन्या घरात होती तशीच मांडा. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाचा गोंधळ घर बदलल्यावर वाढू शकतो. तो ‘घरी चला’ म्हणून बाहेर पडू पाहतो. त्याच्या खिशात नवा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. औषधे व जुने कागद एका पिशवीत ठेवा. रात्री-अपरात्री गरज पडली तर जवळ कोणता दवाखाना आहे हे सामान लावायच्या आधी पाहून ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

नव्या जागी काही आठवडे उदास वाटणे स्वाभाविक आहे. बदलामुळे आलेला असा त्रास बहुधा पहिल्या एक ते तीन महिन्यांत सुरू होतो आणि सहसा सहा महिन्यांत ओसरतो. मात्र स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी गेली आहे का? यातल्या एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांशी बोला. वजन घटणे, घराबाहेर पाऊल टाकायचीच भीती वाटणे, दारूचे प्रमाण वाढणे या खुणाही दुर्लक्षू नयेत. छातीत दुखत असेल तर मनाचा संबंध जोडण्यापूर्वी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे.

आणि घरातल्या कोणी ‘जगून काय करायचे’ असे म्हटले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी त्यांच्याजवळ बसा, ऐकून घ्या आणि तज्ज्ञांकडे न्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. तिथे मराठीतून बोलता येते.

घरातल्या इतरांना शेवटी एवढेच सांगणे. ‘एवढे घर बांधले तरी हिचे रडगाणे संपत नाही’ असे म्हणण्याआधी ‘दिवसभरात आज कोण भेटलं?’ असे विचारून पाहा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. घर बांधायला दोन वर्षे लागली तर आपण कुरकुरत नाही. त्या घरात मन बसायला वर्ष लागले तर तेवढी सवलत माणसालाही द्यावी.

(पुढील आठवड्यात : वयस्करांची झोप)